अंदमानची सहल: ठेव मोडावी, कर्ज काढावे की तारीख बदलावी?

आपल्या पत्रातील परिस्थिती अशी आहे. आपण खासगी कंपनीत नोकरी करता आणि पतींचा जॉबवर्कचा स्वतंत्र व्यवसाय आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे, तर मुलगा येत्या फेब्रुवारीच्या मध्यास दोन वर्षांचा होईल. दोघांचे मिळून महिन्याला सरासरी १,०५,००० रुपये घरी येतात. त्यातून गृहकर्जाचा हप्ता २४,०००, घरखर्च ३८,०००, शाळा व पाळणाघर ९,००० आणि एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक, १८,००० रुपये वजा जाता १६,००० रुपये उरतात. नोव्हेंबर २०२६ मधील दिवाळीच्या सुटीत पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, आणि आसपासची बेटे पाहण्यासाठी एका सहल कंपनीने सात रात्रींचे २,६४,००० रुपयांचे दरपत्रक दिले आहे. बोनसचे १,००,००० रुपये आपल्या हाती आहेत. उरलेल्या १,६४,००० रुपयांसाठी तीन लाखांची आपत्कालीन मुदत ठेव मोडावी, १४ टक्क्यांनी २४ महिन्यांचे कर्ज घ्यावे, की नऊ महिने एसआयपी थांबवावी, असा आपला प्रश्न आहे.

माझे मत असे की सहल जरूर करावी, परंतु ती दिवाळीत करू नये आणि या आराखड्याने करू नये. जानेवारीच्या उत्तरार्धात, पाच रात्रींची आणि शहर केंद्रस्थानी ठेवून आखलेली सहल आपल्याला कर्जाशिवाय आणि ठेवीला हात न लावता परवडते.

आधी पैशांच्या तीन वाटा पाहू. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजदरात साधारण अर्धा ते एक टक्का कपात होते. हे नुकसान किरकोळ आहे, आणि म्हणूनच ही वाट फसवी वाटते. गृहकर्जाचा हप्ता, घरखर्च आणि मुलांचा खर्च मिळून आपल्याला महिन्याला ७१,००० रुपये लागतातच. त्या हिशेबाने तीन लाख रुपये जेमतेम सव्वाचार महिने पुरतील. एका कमावत्या व्यक्तीचे उत्पन्न व्यवसायाच्या चढउतारांवर अवलंबून असलेल्या घरात मी सहा महिन्यांची, म्हणजे ४,२६,००० रुपयांची तरतूद धरतो. ती आपल्याकडे आजच अपुरी आहे. त्यातून १,६४,००० काढले तर दोन महिन्यांपेक्षाही कमी काळाचा आधार उरेल, आणि पतींच्या एखाद्या मोठ्या ग्राहकाने बिल थकवले तरी गृहकर्जाच्या हप्त्यासाठी धावपळ करावी लागेल.

कर्जाचा हिशेब सरळ आहे. १,६४,००० रुपयांवर १४ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता सुमारे ७,८७५ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे २५,००० रुपये होते. प्रक्रिया शुल्क वेगळे. व्याजापेक्षाही मला खटकते ते हे की दोन वर्षे दरमहा उरणाऱ्या रकमेतील निम्मा वाटा या हप्त्यात अडकेल आणि आपत्कालीन निधी आहे तेवढाच राहील.

एसआयपी थांबवण्याबाबत एक गोष्ट स्पष्ट करतो. १,६२,००० रुपये १५ वर्षांत दहा टक्क्यांनी वाढले असते तर पावणेसात लाखांच्या आसपास झाले असते, असे गणित मांडून लोकांना घाबरवण्याची पद्धत आमच्या आर्थिक सल्लागारांच्या व्यवसायात आहे. ती मला पटत नाही, कारण त्या न्यायाने कोणताही खर्च चूकच ठरवता येईल, आणि शिवाय त्या दहा टक्क्यांची हमी कोणीही देत नाही. खरा धोका असा आहे की नऊ महिने बंद पडलेली एसआयपी पुन्हा सुरू होईलच असे नसते. मात्र आपणच लिहिले आहे की १८,००० पैकी ४,००० रुपयांची एक एसआयपी कोणतेही उद्दिष्ट न ठरवता सुरू झाली होती. ती सप्टेंबर ते डिसेंबर हे चार महिने थांबवण्यास माझी हरकत नाही, फक्त पुन्हा सुरू होण्याचा महिना थांबवतानाच नोंदवून ठेवावा.

आता दिवाळीला विरोध का, ते सांगतो. अंदमानला पावसाचे दोन हंगाम लाभतात. नैर्ऋत्य मोसमी वारे तेथे मुख्य भूमीच्याही आधी, मे महिन्यातच पोहोचतात आणि ते ओसरल्यावर ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचाही हाच मुख्य काळ असतो. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे आपली सहल नेमकी या काळात येते. प्रत्येक वेळी वादळ होते असे नाही, परंतु समुद्र खवळला की बेटांमधील बोटी रद्द होतात. आपल्या आराखड्यात तर पोर्ट ब्लेअर ते स्वराज द्वीप, तेथून शहीद द्वीप आणि परत पोर्ट ब्लेअर असे तीन बोटप्रवास आहेत, आणि शेवटच्या बोटीनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी परतीचे विमान आहे. ती एक बोट रद्द झाली तर आपण बेटावर अडकाल, विमान चुकेल आणि ऐनवेळची तिकिटे घ्यावी लागतील. दरपत्रकात न दिसणारा हा खर्च मी त्यातील सर्वांत मोठा मानतो. जानेवारी ते मार्च हा काळ तुलनेने कोरडा आणि समुद्र शांत असण्याचा असतो.

दरपत्रकातील विमानभाडे ८४,००० रुपये आहे आणि उरलेले १,८०,००० असे विभागले आहेत: निवास ७०,०००, बोटी १८,०००, वाहन ३०,०००, जलक्रीडा २२,०००, बारातांग १४,००० आणि कंपनीचे शुल्क व कर २६,०००. ही यादी तरुण जोडप्यासाठी ठीक आहे. आपल्या मुलांच्या वयाकडे पाहिले की तिच्यातील बराच भाग गळून पडतो.

बारातांगचे उदाहरण घ्या. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवरील या ठिकाणी जाण्यासाठी पहाटे अंधारात निघून जारवा आदिवासींसाठी राखीव असलेल्या क्षेत्रातून वाहनांच्या ताफ्याबरोबर जावे लागते. वाटेत थांबण्यास आणि छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. चुनखडीच्या गुहा नक्कीच पाहण्यासारख्या आहेत, परंतु पावणेदोन वर्षांच्या मुलाला घेऊन दिवसभराच्या या प्रवासासाठी १४,००० रुपये देणे मला पटत नाही. स्कूबा डायव्हिंगसाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे मुलीला ते करता येणार नाही. आपण पाण्यात उतरलात तर पती किनाऱ्यावर मुलाला सांभाळतील, आणि दोघांचे पैसे मात्र भरलेले असतील. त्याऐवजी काचेच्या तळाच्या बोटीतून चौघांना एकत्र प्रवाळ पाहता येतील. त्यासाठी ६,००० रुपये ठेवा. शहीद द्वीपावरील दोन रात्री वगळल्यास निवासाचे २०,०००, एका बोटप्रवासाचे ६,००० आणि वाहनाचे सुमारे १०,००० रुपये वाचतील.

मुलांसाठी खरे मोल शहरात आहे आणि ते तुलनेने स्वस्तही आहे. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. मूळच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकर १९११ मध्ये तेथे आणले गेले, आणि आपली मुलगी शाळेत ते वाचण्याआधी ती कोठडी प्रत्यक्ष पाहील, हे आपण पत्रात लिहिलेले कारण मला या सहलीचे सर्वांत सबळ कारण वाटते. पूर्वीचे रॉस, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, शहरातून बोटीने अगदी थोड्या अंतरावर आहे. तेथील ब्रिटिश काळातील पडक्या इमारतींमधून मुलीला आणि मोकळ्या फिरणाऱ्या हरणांमागे मुलाला सारखाच आनंद मिळेल. १८८३ मध्ये सुरू झालेली चॅथमची लाकूड गिरणी आणि नौदलाचे समुद्रिका संग्रहालय यांसाठी एक सकाळ पुरते. एक व्यावहारिक बाब लक्षात ठेवावी: हा प्रदेश पूर्वेला असूनही घड्याळ आपलेच आहे, त्यामुळे जानेवारीत साडेपाचच्या आतबाहेर अंधार पडतो. रोज चार ठिकाणे दाखवण्याचे वचन देणाऱ्या वेळापत्रकाला म्हणूनच फारसा अर्थ नाही. दोन ठिकाणे आणि दुपारची झोप, एवढेच गृहीत धरावे.

या बदलांनंतर निवास ५०,०००, बोटी १२,०००, वाहन २०,००० आणि जलक्रीडा ६,००० असे ८८,००० रुपये होतात. मूळ दरपत्रकात कंपनीने १,५४,००० रुपयांच्या सेवांवर २६,००० लावले होते. त्याच प्रमाणात आता सुमारे १५,००० व्हायला हवेत, आणि तसा आग्रह आपण लेखी धरावा. दरपत्रकात नाश्त्याव्यतिरिक्त जेवण धरलेले नाही, ही गोष्ट आपल्या नजरेतून सुटली असावी. शुल्कात वाचणारे ११,००० रुपये त्यासाठी ठेवा. विमानभाडे धरून एकूण १,९८,००० रुपये होतात. बोनसचे १,००,०००, जुलै ते डिसेंबर दरमहा १४,००० प्रमाणे ८४,००० आणि थांबवलेल्या एसआयपीचे १६,००० मिळून २,००,००० रुपये जमतील. जानेवारीचे विमानभाडे मी दरपत्रकाइतकेच धरले आहे. ते आजच तपासून पाहावे आणि २६ जानेवारीच्या आसपासची गर्दी टाळावी. रविवार, १७ ते शुक्रवार, २२ जानेवारी २०२७ या तारखा मला सोयीच्या वाटतात. मुलीची शाळा पाच दिवस बुडेल, पण चौथीच्या वर्गात तेवढे चालून जाईल.

या तारखांमागे मुलाचे वयही आहे. देशांतर्गत विमानात दोन वर्षांखालील मुलाला स्वतंत्र आसन नसते आणि त्याचे भाडे अल्प असते. दोन वर्षे पूर्ण झाली की जवळजवळ पूर्ण भाडे पडते. वय प्रवासाच्या दिवशीचे पाहिले जाते, त्यामुळे सहलीदरम्यान वाढदिवस आला तर परतीचे तिकीट वेगळे घ्यावे लागते. आपल्या दरपत्रकानुसार मोठ्यांचे भाडे प्रत्येकी २६,००० आणि मुलाचे ६,००० आहे, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यानंतर गेल्यास २०,००० रुपये जास्त. चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून जहाजाने जाण्याचा पर्याय आपण विचारला आहे. भाडे कमी पडते हे खरे, परंतु एका बाजूचेच साधारण तीन दिवस समुद्रात जातात, म्हणून या वयाच्या मुलासह मी तो सुचवणार नाही.

आपला एलटीसीचा, म्हणजे नोकरदाराला वेतनातील प्रवासभत्त्यावर मिळणाऱ्या करसवलतीचा, मुद्दा असा की २०२२ ते २०२५ या चार वर्षांच्या गटातील न वापरलेला एक प्रवास २०२६ च्या अखेरपर्यंतच करता येतो, आणि म्हणून दिवाळीतच जावे. नियम आपण बरोबर मांडला आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. ही सवलत केवळ जुन्या करप्रणालीत मिळते आणि ती फक्त प्रवासभाड्यावर आहे. निवास आणि जेवण त्यात येत नाही. आपल्या वेतनात एलटीसीचा घटक ४०,००० रुपयांचा आहे, त्यामुळे २० टक्के कर व उपकर धरून जास्तीत जास्त ८,३२० रुपये वाचतील. तेवढेच जानेवारीतही वाचतील, कारण २०२६ ते २०२९ या नव्या गटात दोन प्रवास आहेतच. मागील गटातील प्रवास सोडल्याचे नुकसान २०२९ पर्यंत एकूण तीन सहली करणाऱ्यालाच होते, आणि आपल्या अंदाजपत्रकात तशी शक्यता दिसत नाही. नवी करप्रणाली आपल्याला एकूण लाभाची असेल, तर या आठ हजारांसाठी जुन्या प्रणालीत राहू नये. दावा करणार असाल तर विमानाची तिकिटे स्वतः घ्यावीत आणि बोर्डिंग पास जपावेत. पॅकेजच्या एकत्रित पावतीत भाडे वेगळे दिसत नाही आणि वेतन विभाग अशी पावती परत पाठवू शकतो.

पैसे भरण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. बोनसमधून विमानाची तिकिटे आताच घ्यावीत. निवासासाठी मोफत रद्द करता येणारे आरक्षण घ्यावे, आणि कंपनी संपूर्ण रक्कम आगाऊ मागत असेल तर नकार द्यावा. पहिली रात्र शहरात, पुढच्या दोन स्वराज द्वीपावर आणि शेवटच्या दोन पुन्हा शहरात, असा क्रम ठेवा. परतीची बोट रद्द झालीच, तर शहरातील एक दिवस कमी होईल, पण विमान चुकणार नाही. कंपनीच्या गट आरोग्य विम्यात मुलाचे नाव नोंदले आहे का, ते निघण्यापूर्वी तपासा. शासकीय जी. बी. पंत रुग्णालय पोर्ट ब्लेअरमध्ये आहे, लहान बेटांवरील सोयी मात्र मर्यादित आहेत. मुलांनी वेचलेले प्रवाळ सामानात आणू नयेत. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून विमानतळावर तपासणी होते.

परतल्यावर तेच १४,००० रुपये दरमहा आपत्कालीन निधीत टाकत राहिल्यास कमी पडणारे १,२६,००० नऊ महिन्यांत भरून निघतील. एक अट मात्र आताच ठरवून ठेवावी. १५ डिसेंबरपर्यंत पतींच्या व्यवसायातील येणे दोन महिन्यांहून अधिक थकलेले असेल, किंवा बोनसव्यतिरिक्त ८५,००० रुपये जमलेले नसतील, तर निवास आणि बोटींचे आरक्षण रद्द करून विमानाची तिकिटे पुढच्या तारखेला बदलून घ्यावीत. तारीख बदलण्याचे शुल्क किती, हे तिकीट घेतानाच विचारून ठेवा आणि थोडे जास्त भाडे देऊन बदल करता येण्याजोगे तिकीट मिळत असेल तर तेच घ्या.