वाचक विचारतात: वाळवंटात सायकल, पाणी किती न्यायचं?

प्रश्न: सपाट रोडवर दिवसाला १०० किमी मी आरामात मारतो. पुढच्या टूरमध्ये वाळवंटाचा एक पट्टा लागतोय, डांबरी रोड आहे पण मध्ये १०० किमी पाण्याचा थेंब नाही. एका दिवसात निघेल ना? पाणी किती घेऊ?

उत्तर: निघेलही, पण ते तुमच्या पायांपेक्षा वाऱ्यावर जास्त आहे. म्हणून हिशोब किलोमीटरचा नको, तासांचा करा. ताशी २० ने गेलात तर ५ तास, पण समोरून वारा सुटला की तीच सायकल तेच पाय ताशी १० वर येतात आणि ५ चे १० तास होतात, वाळवंटात वारा अडवायला ना झाड ना भिंत. उन्हात पेडल मारताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, म्हणजे हे १०० किमी ५ लिटरचे निघणार की १० लिटरचे हे निघताना कळतच नाही. मी तरी १० धरेन, आणि पोचलो नाही तर रात्र आणि दुसरी सकाळ काढायला २-३ लिटर वेगळे. हो, वजन १२-१३ किलो होतं, पहिल्या चढाला शिव्या घालाल, पण कमी करायचंच तर कपडे कमी करा. आणि सगळं पाणी एकाच पिशवीत भरू नका प्लीज, एक शिवण उसवली की खेळ खल्लास.

दिवस दोन तुकड्यांत काढायचा. अंधारातच तंबू गुंडाळायचा आणि फटफटलं की रोडवर, कारण पहाटे वारा बहुतेक पडलेला असतो आणि जमीन तापत जाईल तसा वाढतो, सकाळच्या तीन-चार तासांत जे अंतर होतं ते दुपारी दुप्पट वेळ घालूनही होत नाही. १० वाजले की सावली शोधायला लागा, पाय चालतायत म्हणून दामटू नका. झाड नसेल तर रोडखालची मोरी बघा, आत हवा खेळते आणि काँक्रीट गार असतं. आधी टॉर्च मारून साप-विंचू बघायचा, आणि लांब कुठेही ढग भरलेले दिसत असतील तर मोरीत अजिबात शिरायचं नाही, पाऊस तिकडे पडतो आणि लोंढा इथे येतो. कोरड्या नदीच्या पात्रात तंबू लावू नये तो याच कारणासाठी. चारनंतर ऊन कललं की दुसरा तुकडा, आणि अंधार पडायच्या आत मुक्काम.

प्रश्न: भरपूर पाणी पिऊनही संध्याकाळी डोकं ठणकतं आणि मळमळतं. गंमत म्हणजे घाम फारसा येतच नाही, तरी असं का?

उत्तर: घाम येतो हो, पण कोरड्या हवेत तो दिसायच्या आधीच उडून जातो! संध्याकाळी टीशर्टच्या पाठीवर पांढऱ्या रेघा दिसतात ना नकाशासारख्या, ते तुमच्या अंगातलं मीठ. ते जातंय आणि वरून तुम्ही नुसतं साधं पाणी ओतताय, त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं आणि डोकेदुखी, मळमळ त्यातही होते. पाणी कमी पडलं तरी हीच लक्षणं, म्हणून अंदाजाने अजून पाणी ढोसत बसू नका. ओआरएसची पाकिटं ठेवा, नसतील तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि सोबत खारट काहीतरी खात राहा.

अजून एक, मागून वारा असला की आपण खूश होतो, पण तो तुमच्याच स्पीडचा असेल तर अंगाला हवा लागतच नाही आणि माणूस भट्टीत बसल्यासारखा तापतो. तेव्हा थांबे वाढवा. सोबतचा असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला तर तो उष्माघात समजा, लगेच सावलीत घ्या, कपडे भिजवा, वारा घाला आणि मदत बोलवा, शुद्ध धड नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

प्रश्न: टायर आणि चेनचं काय?

उत्तर: टायर रुंद, २ इंचाच्या आसपास, आणि वाळू लागली की हवा थोडी सोडा. चेनला घट्ट ओलं तेल नको, त्यावर वाळू बसते आणि दुपारपर्यंत करकर सुरू होते, वॅक्सवालं ल्यूब लावा. पंक्चर बहुतेक रोडवर होत नाही, सायकल रोडच्या कडेला उतरवली की होतं, कारण सराटे तिथेच पसरलेले असतात. तंबूच्या जागेपर्यंत सायकल ढकलू नका, सरळ उचलून न्या.

प्रश्न: सरळसोट रोडचा कंटाळा कसा घालवायचा?

उत्तर: ऑस्ट्रेलियात एअर हायवेवर १४६.६ किमीचा सलग सरळ पट्टा आहे, एकही वळण नाही, आणि तरी लोक हौसेने जातात. त्या नलरबॉर भागातून आर्थर रिचर्डसन १८९६ मध्ये सायकलवर गेला होता, कूलगार्डी ते ॲडलेड ३१ दिवसांत, तेव्हा डांबर कुठलं! कंटाळ्याला गाणी ऐका, पण एकाच कानात, आणि हँडलला आरसा लावाच. समोरून वारा असला की मागचा ट्रक ऐकूच येत नाही, आणि तो बाजूने जाताना क्षणभर वारा अडतो, सायकल त्याच्याकडे ओढली जाते आणि लगेच उलटा धक्का बसतो. आरशात ट्रक दिसला की बाटली खाली, दोन्ही हात हँडलवर.