‘डेटाबेस ड्रायव्हर’ला ‘विदागारचालक’ म्हणावे का?

एका तांत्रिक पुस्तिकेचे मराठीकरण करणाऱ्या वाचकाने ‘डेटाबेस ड्रायव्हर’साठी, म्हणजे प्रोग्रॅमचा डेटाबेसशी संवाद घडवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, ‘विदागारचालक’ (विदागार म्हणजे डेटाबेस) हा शब्द योग्य ठरेल का, असे विचारले आहे. माझ्या मते तो योग्य नाही. शब्द अवघड आहे म्हणून नव्हे, तर समासाचा विग्रह चुकीच्या अर्थाकडे नेतो म्हणून. ‘विमानचालक’ म्हणजे विमान चालवणारा. त्याच न्यायाने ‘विदागारचालक’ म्हणजे विदागार चालवणारा, असेच मराठी वाचक समजेल. प्रत्यक्षात विदागार चालवण्याचे काम डेटाबेस सर्व्हर करतो. ड्रायव्हर बहुधा प्रोग्रॅमच्या बाजूला, लायब्ररीच्या (प्रोग्रॅमला वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचाच्या) रूपात असतो आणि प्रोग्रॅमने बोलावल्यावरच कामाला लागतो.

मग हे नाव आले कुठून? प्रिंटरसारख्या उपकरणांच्या ड्रायव्हरकडे पाहिले की उलगडा होतो. तिथे ड्रायव्हर उपकरणाला खरोखरच कामाला लावतो, त्यामुळे ‘चालक’ शोभतोही. पण त्या रचनेचा मोठा फायदा असा, की छपाईचा प्रोग्रॅम एकदाच लिहायचा आणि प्रिंटर बदलला तर केवळ ड्रायव्हर बदलायचा. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेल्या ओडीबीसीने आणि १९९७ मध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या १.१ आवृत्तीसोबत आलेल्या जेडीबीसीने, म्हणजे प्रोग्रॅमने ड्रायव्हरशी कसे बोलावे हे ठरवून देणाऱ्या दोन प्रमाण पद्धतींनी, हीच सोय डेटाबेसच्या बाबतीत करून दिली. म्हणजे इथे साम्य रचनेचे आहे, चालवण्याच्या क्रियेचे नाही; ‘चालक’ या भाषांतरात नेमकी क्रिया उरते आणि रचना हरवते.

‘वाहक’ हा पर्याय त्याहून बरा वाटतो, पण वाहक दिलेली वस्तू जशीच्या तशी पोहोचवतो. ड्रायव्हरचे काम त्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे. प्रोग्रॅम ठरावीक फंक्शनांना हाक मारतो; ड्रायव्हर सर्व्हरशी जोडणी करतो, ओळख पटवतो, प्रोग्रॅमची मागणी त्या सर्व्हरच्या स्वतःच्या संदेशपद्धतीत घालून पाठवतो आणि परत आलेल्या बाइटांना प्रोग्रॅमच्या भाषेतील संख्या, तारखा व मजकूर यांचे रूप देतो. या रूपांतरात भाषांतराच्या सगळ्या अडचणी आहेत. डेटाबेसमधील ‘नल’ म्हणजे मूल्यच नसणे. जावाच्या साध्या पूर्णांकाला मात्र ‘नसणे’ सांगताच येत नाही. म्हणून जेडीबीसीमध्ये रकाना पूर्णांक म्हणून वाचला आणि तिथे नल असला, तर ० हातात येतो, आणि तो खरा शून्य की रिकामी जागा, हे वेगळे विचारावे लागते. एका भाषेत शब्दच नसला की दुभाष्याची जी कोंडी होते, तीच ही.

म्हणून अर्थाच्या दृष्टीने मला ‘दुभाष्या’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो, मात्र एक मर्यादा सांगायला हवी. एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेतील प्रश्नाचा मजकूर ड्रायव्हर बहुतेक वेळा बदलत नाही. उत्तरातील ओळींची संख्या आवरण्यासाठी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘लिमिट’ वापरून लिहिलेला प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर’ या डेटाबेसकडे पाठवला, तर उत्तम ड्रायव्हर असूनही तो नाकारला जाईल. त्यामुळे ‘अनुवादक’ म्हटल्यास वाचकाची अपेक्षा भलतीकडे जाईल.

पुस्तिकेत ‘ड्रायव्हर’ हाच शब्द ठेवावा, कारण तो वाचकाच्या परिचयाचा आहे, आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘प्रोग्रॅम व डेटाबेस यांच्यातील दुभाष्याचे काम करणारी लायब्ररी’ असा खुलासा द्यावा. षष्ठीचा प्रत्ययही जपून वापरावा: ‘डेटाबेसचा ड्रायव्हर’ यापेक्षा ‘पोस्टग्रेससाठीचा ड्रायव्हर’ ही रचना अधिक नेमकी आहे, कारण तिच्यात मालकीचा किंवा चालवण्याचा भास होत नाही. शब्द पुल्लिंगी असून अनेकवचनातही तो ‘ड्रायव्हर’च राहतो, विभक्ती लावताना ‘ड्रायव्हराला’ असे न लिहिता ‘ड्रायव्हरला’, ‘ड्रायव्हरने’ असे लिहावे.