तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: जपानची सुपर फॉर्म्युला

मागच्या महिन्यात सुझुका ट्रॅकबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचा अख्खा कॉलम जपानच्या सिंगल सीटर (एकाच माणसाची, उघड्या चाकांची गाडी) रेसिंगलाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न: सुपर फॉर्म्युला म्हणजे एफ वनच्या खालची पायरी, असंच ना? की फॉर्म्युला टू सारखंच काहीतरी वेगळ्या नावाने?

असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नाहीये. ही जपानची स्वतःची सर्वात वरची सिंगल सीटर चॅम्पियनशिप आहे आणि तिची सुरुवात १९७३ची आहे. नावं तेवढी बदलत गेली, आधी एफ २०००, मग १९७८ पासून फॉर्म्युला टू, १९८७ पासून फॉर्म्युला ३०००, १९९६ला फॉर्म्युला निप्पॉन झालं आणि २०१३ पासून सुपर फॉर्म्युला. गाडी सगळ्यांना सारखी, इटलीच्या दलाराची, सध्याची एसएफ२३ ही २०२३ला आली. इंजिनं मात्र दोन, होंडा आणि टोयोटा, दोन्ही दोन लिटरची चार सिलिंडर टर्बो. टायर २०१६ पासून योकोहामाचे.

वेगाचं म्हणाल तर सुझुकाचंच घ्या, कारण तिथे दोन्ही गाड्या पळतात. २०१९ला तिथे व्हेटेलने फेरारीतून पोल (रेसआधीच्या वेगाच्या चाचणीत, म्हणजे क्वालिफायिंगमध्ये, पहिला नंबर) घेतली ती १ मिनिट २७.०६४ सेकंदात, आणि त्याच वर्षी सुपर फॉर्म्युलाची पोल १ मिनिट ३६ सेकंदांच्या आसपास होती. आठ-नऊ सेकंद म्हणजे खूप वाटतं, पण इंजिन एफ वनच्या जवळपास निम्म्या ताकदीचं आहे हे लक्षात घ्या. यातला बराचसा वेळ सरळ रस्त्यावर जातो, वळणात ही गाडी एफ वनच्या फार जवळ असते. वजन ड्रायव्हर धरून ६७७ किलो, २०२३च्या एफ वन गाडीपेक्षा शंभर किलोहून जास्त हलकी, म्हणून सुझुकाच्या पहिल्या सेक्टरमधल्या त्या एस वळणांत ती कशी डावी-उजवी फिरते ते एकदा ऑनबोर्ड बघाच.

प्रश्न: गाडी सारखी, टायर सारखे, मग तीच तीच माणसं पुढे कशी? टोमोकी नोजिरी २०२१ आणि २०२२ दोन्ही वर्षं जिंकला, त्याच्याकडे काहीतरी वेगळं असणारच.

वेगळं आहे, पण ते गाडीत बसवलेलं नाही. नोजिरी आणि टीम मुगेनचे इंजिनिअर यांनी क्वालिफायिंगची एक लॅप जमवायची जी कला कमावली होती ती त्या दोन वर्षांत दुसऱ्या कुणालाच जमली नाही. इथे सेटअपमध्ये अगदी थोडासा फरक पडला की माणूस पहिल्या रांगेतून दहाव्या नंबरवर जातो, कारण सगळे एका सेकंदात कोंबलेले असतात. पूर्वी डँपरच्या (सस्पेन्शनचे शॉक ॲब्सॉर्बर) बाबतीत टीमना मोकळीक होती, आणि ज्याचे डँपर चांगले तो पुढे असं थोडंफार होतं. २०२४ पासून तेही सगळ्यांना सारखेच दिले.

आणि एक गोष्ट टीव्हीवर पटकन दिसत नाही. इथे टायर वॉर्मर नाहीत. एफ वनमध्ये टायर ब्लँकेटमधून गरम होऊन येतात, इथे पिटमधून बाहेर पडलात की चारही टायर गार, आणि मागून गरम टायरवाला सुसाट येतोय. ती एक लॅप म्हणजे खरी परीक्षा. जोर लावला तर गाडी फिरते, जपून गेलात तर दोन-तीन जागा गेल्या. बहुतेक रेसमध्ये पिट स्टॉप कम्पल्सरी असल्यामुळे प्रत्येकाला यातून जावंच लागतं, कुणाची सुटका नाही. मला विचाराल तर रेसमधला सगळ्यात बघण्यासारखा भाग हाच, कुणाला टायर गरम करता येतो आणि कुणाला नाही हे तिथे अगदी उघडं पडतं.

प्रश्न: ते ओव्हरटेक बटण म्हणजे एफ वनच्या डीआरएस सारखंच का?

नाही. एफ वनमध्ये २०२५ पर्यंत असलेल्या डीआरएसमध्ये मागचा पंख उघडायचा आणि पुढचा गाडीवाला एका सेकंदाच्या आत असला तरच उघडायचा. इथल्या ओटीएसमध्ये (ओव्हरटेक सिस्टीम) बटण दाबलं की इंजिनला जाणारं इंधन वाढतं आणि थोडी जास्त ताकद मिळते. अख्ख्या रेसला मिळून २०० सेकंद, कधी वापरायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, पुढच्याला गाठायला वापरा नाहीतर मागच्याला अडवायला. एकदा वापरून सोडलं की मध्ये थांबावं लागतं, लगेच परत दाबता येत नाही. त्यामुळे पहिल्याच लॅपला उधळपट्टी केलेला ड्रायव्हर शेवटच्या पाच लॅपमध्ये हात बांधल्यासारखा बसलेला दिसतो.

प्रश्न: पियरे गॅस्ली वादळामुळे चॅम्पियनशिप हरला असं कुठेतरी वाचलं, खरं आहे का?

खरं आहे, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. २०१७ला रेड बुलने त्याला टीम मुगेनमध्ये पाठवलं. आदल्याच वर्षी तो जीपी टू (आताच्या फॉर्म्युला टूचं जुनं नाव) चॅम्पियन झाला होता पण एफ वनमध्ये जागा नव्हती. जपानमध्ये पहिलंच वर्ष, सगळे ट्रॅक नवीन म्हणावेत असे, रेडिओवर जपानी इंजिनिअर, तरी पठ्ठ्याने मोतेगी आणि ऑटोपोलिसच्या रेस लागोपाठ जिंकल्या. शेवटच्या राउंडला सुझुकाला येताना तो हिरोआकी इशिउराच्या मागे होता फक्त अर्ध्या पॉइंटने. मधल्या काळात रेड बुलच्याच धाकट्या एफ वन टीमने, टोरो रोसोने, त्याला मलेशियात एफ वनला उतरवलं होतं, पण सुझुकाचा हा शेवट आणि अमेरिकेची ग्रां प्री एकाच वीकेंडला आली, तेव्हा एफ वनची रेस सोडून त्याला सुझुकाला पाठवलं. आणि नेमकं त्या वीकेंडला टायफून आलं. दोन रेस होत्या, दोन्ही रद्द. ३३.५ विरुद्ध ३३, चॅम्पियन इशिउरा.

पण एक सांगतो, ही गोष्ट सगळीकडे 'बिचारा गॅस्ली' म्हणून सांगतात आणि इशिउराला विसरून जातात. इशिउरा २०१५चाही चॅम्पियन होता, त्या वर्षीही त्याने पॉइंट काही फुकट मिळवले नव्हते, आणि रेस झाली असती तर तो हरलाच असता असं कुणी ठरवलं? टायफून त्याने मागवलं नव्हतं.

प्रश्न: एवढे भारी ड्रायव्हर आहेत तर मग एफ वनला का जात नाहीत? नाओकी यामामोतो तीन वेळा चॅम्पियन, तरी जपानबाहेर कुणाला माहीत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर.

कागदावरचं कारण सोपं आहे. एफ वनच्या सुपर लायसन्सला ४० पॉइंट लागतात. फॉर्म्युला टू जिंकलं की ४०च्या ४० मिळतात, सुपर फॉर्म्युला जिंकली तर २५. माझ्या मते हा अन्याय आहे, पण नियम तो आहे. म्हणून होंडा आणि टोयोटा आपली पोरं लहान वयातच युरोपला पाठवतात, युकी त्सुनोदा तर सुपर फॉर्म्युला न खेळताच एफ फोर, एफ थ्री, एफ टू करत वर गेला.

पण सगळ्यांनी जायलाच पाहिजे का? यामामोतोचंच बघा. २०१३, २०१८, २०२० असे तीन टायटल. २०१८ला शेवटच्या रेसमध्ये निक कॅसिडी त्याच्या मागे चिकटलेला, एक सेकंदही अंतर नाही, आणि टायटल मिळालं एका पॉइंटने. २०१८ आणि २०२० या दोन्ही वर्षांत त्याने सुपर जीटीही (छत असलेल्या रेसिंग गाड्यांची चॅम्पियनशिप) जिंकली, म्हणजे एकाच वर्षात देशातली दोन्ही मोठी टायटल्स, आणि हे दोनदा. २०१९ला जपानी ग्रां प्रीच्या शुक्रवारी त्याला पहिल्या प्रॅक्टिससाठी टोरो रोसो चालवायला मिळाली, वय ३१. एक सेशन, बस, पण त्या दिवशी सुझुकाच्या स्टँडमधले लोक त्याच्यासाठी लवकर येऊन बसले होते. मग २०२३ला सुपर जीटीच्या सुगोच्या रेसमध्ये त्याचा भयंकर ॲक्सिडेंट झाला, मानेला लागलं, उरलेला सीझन गेला. लोकांना वाटलं संपलं. २०२४ला तो परत आला, पूर्ण वर्ष खेळला, आणि मग स्वतःहून सुपर फॉर्म्युलातून रिटायर झाला. हे करिअर एफ वन नाही म्हणून कमी कसं?

त्याच्या आधीचा काझुयोशी होशिनो तर वेगळंच प्रकरण. जपानमध्ये त्याला 'देशातला सर्वात वेगवान माणूस' म्हणायचे, सहा वेळा टायटल, पहिलं १९७५ला आणि शेवटचं १९९३ला, मधे १८ वर्षं! १९७६ला फुजीला एफ वनची रेस झाली, तीच मुसळधार पावसातली, त्यात हा जुन्या टायरेल गाडीतून चक्क तिसऱ्या नंबरपर्यंत गेला होता. मग पावसाचे टायर संपले, टीमकडे दुसरे सेट नव्हते, गाडी थांबवावी लागली. पैसे असते तर काय झालं असतं कोण जाणे.

आणि उलट्या दिशेनेही बघा. ॲलेक्स पालो २०१९ला इथे नाकाजिमा रेसिंगकडून खेळला, फुजीला जिंकला, तिसरा आला, नंतर इंडीकारमध्ये चॅम्पियनशिपवर चॅम्पियनशिप. लियाम लॉसन २०२३ला आयुष्यातली पहिलीच सुपर फॉर्म्युला रेस फुजीला जिंकला, एकूण तीन जिंकल्या, पण टायटल गेलं टॉम्स टीमच्या रितोमो मियाताकडे. मियाताने त्या वर्षी फक्त दोन रेस जिंकल्या, पण जवळपास प्रत्येक वेळी पुढच्या चार-पाचात. त्याच वर्षी नोजिरीचं फुप्फुस कोलॅप्स झालं म्हणून ऑटोपोलिस सोडावी लागली, तरी तो तिसरा आला, ती एक रेस मिळाली असती तर काय हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

प्रश्न: आपला नारायण कार्तिकेयन तिथे होता ना?

हो, आणि चांगली पाच वर्षं, २०१४ ते २०१८. इम्पुल, डँडेलियन, लेमान्स अशा टीम करत शेवटची दोन वर्षं नाकाजिमा रेसिंगमध्ये. त्याआधी २००१लाही तो फॉर्म्युला निप्पॉनमध्ये होता. मग २०१९ला सुपर जीटी, आणि त्या वर्षाच्या शेवटी फुजीला सुपर जीटी आणि जर्मनीची डीटीएम यांची एकत्र रेस झाली त्यातली एक रेस त्याने जिंकली, ओल्या ट्रॅकवर सुरू झालेली. हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

प्रश्न: फॉलो करायला एखादी टीम सुचवा.

ड्रायव्हर आवडला की टीम आपोआप ठरते, तरी सांगतो. इम्पुल म्हणजे वरच्या त्या होशिनोची टीम. नाकाजिमा रेसिंग सातोरू नाकाजिमाची, जो पाच वेळा जपानचा एफ टू चॅम्पियन होऊन १९८७ला एफ वनच्या लोटस टीममध्ये आयर्टन सेनाचा जोडीदार झाला. गंमत म्हणजे बाप आयुष्यभर होंडाचा आणि मुलगा काझुकी टोयोटाचा, टॉम्सच्या गाडीतून २०१२ आणि २०१४ला चॅम्पियन. मुगेन ही होंडाचे संस्थापक सोइचिरो होंडा यांच्या मुलाने काढलेली, पण होंडा कंपनीपासून वेगळी. आणि कोंडो रेसिंगचा मालक मासाहिको कोंडो हा ऐंशीच्या दशकातला मोठा पॉप स्टार, नुसता नाव लावून बसलेला नाही, स्वतः रेस खेळलेला. मी कुणाचा ते सांगितलं तर पुढच्या महिन्यात भांडणं होतील, पण ठीक आहे, डँडेलियन.

प्रश्न: मुली आहेत का ग्रिडवर?

२०२०ला कोलंबियाची तातियाना काल्देरॉन होती. २०२४ला जुजू नोदा आली, जपानची पहिली मुलगी, वय फक्त १८, माजी एफ वन ड्रायव्हर हिदेकी नोदाची लेक. रिझल्ट अजून मागचेच आहेत आणि त्यावरून तिला फार बोलतात, पण ती युरोपमध्ये छोट्या गाड्यांवर वाढून थेट या गाडीत बसली, तिला वेळ द्या.

प्रश्न: एकच रेस बघायची तर कुठली?

सगळे सुझुका म्हणतील आणि ते बरोबरच आहे, ५.८०७ किलोमीटर, आठच्या आकड्यासारखा स्वतःलाच ओलांडणारा ट्रॅक, १३० आर हे सुसाट वळण. पण मी सुगो सांगेन. मियागीमधल्या डोंगरात, छोटा, अरुंद, चढ-उतार, बाजूला चुकायला जागाच नाही. जपानी लोक म्हणतात सुगोला एक राक्षस राहतो. आघाडीवरची गाडी शेवटच्या लॅपला बंद पडते, कोरड्या रेसमध्ये अर्ध्या ट्रॅकवर पाऊस येतो, सेफ्टी कार नेमकी चुकीच्या मिनिटाला येते. नोजिरीनेही पहिली रेस तिथेच जिंकली होती, २०१४ला, अगदी नवखा असताना. शेवटचं वळण चढावर आहे, तिथे गाडी सरळ रस्त्यावर येताना पुढच्याच्या किती जवळ आहे ते बघत बसा, कुणाचे ओटीएसचे सेकंद उरलेत आणि कुणाचे संपलेत ते तिथेच कळतं.