वाचकांचे प्रश्न : ‘द मॅन फ्रॉम अंकल’ आणि चार मित्रांची चार मते

प्रश्न : आम्ही चार मित्र अधूनमधून कोणाच्या तरी घरी जमून चित्रपट पाहतो. या वेळी गाय रिची यांचा २०१५ सालचा ‘द मॅन फ्रॉम अंकल’ पाहिला आणि त्यावरून बराच वाद झाला. एकाच्या मते हे हेरगिरीच्या नावाखाली मांडलेले कपड्यांचे प्रदर्शन आहे. दुसऱ्याची तक्रार अशी, की मारामारी रंगात येण्याआधीच दिग्दर्शक ती आटोपती घेतो. तिसऱ्याला पात्रे इतकी थंड वाटली, की त्यांच्या जिवावर बेतले तरी त्याला काळजी वाटेना. मला चित्रपट मनापासून आवडला, परंतु तो का आवडला हे मित्रांना पटवून देता आले नाही. आमच्यापैकी बरोबर कोण? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या दुसऱ्या मित्राने अचूक पाहिले आहे, मात्र त्याला जी उणीव वाटली, तीच या चित्रपटाची खरी गंमत आहे, असे माझे मत आहे. कथा १९६३ सालची, म्हणजे बर्लिनची भिंत उभी राहून दोन वर्षे झाली होती त्या काळातली आहे. अमेरिकेचा नेपोलियन सोलो आणि सोव्हिएत संघाचा इल्या कुर्याकिन हे एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन हेर, वरिष्ठांच्या हुकुमाने एकाच मोहिमेला जुंपले जातात. एवढ्या भांडवलावर कोणताही दिग्दर्शक पाठलाग आणि गोळीबार यांची रास घालू शकला असता. रिची यांनी मात्र ऐन मोक्याच्या क्षणी मारामारीकडे पाठ फिरवली आहे, आणि विनोद तिथेच जन्माला येतो.

याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे गोदीतला प्रसंग. दोघे वेगवान होडीतून पळत असताना सोलो पाण्यात फेकला जातो, पोहत काठाला लागतो आणि तिथे उभ्या असलेल्या एका ट्रकमध्ये जाऊन बसतो. ट्रकमध्ये कोणाची तरी शिदोरी ठेवलेली असते. सोलो गळ्याशी रुमाल खोचून सँडविच खाऊ लागतो, वाइनचा घोट घेतो, रेडिओवर पेपिनो गाल्यार्दी यांचे आर्त इटालियन गाणे लागते, आणि काचेपलीकडे इल्याची होडी गोळ्या चुकवत त्याच त्या पाण्यात घिरट्या घालत राहते. ज्या थरारासाठी आपण तिकीट काढतो, तो इथे जेवणाच्या वेळची करमणूक होऊन मागे सरकतो. तरीही हा प्रसंग केवळ थट्टेवर संपत नाही. इल्या बुडू लागल्यावर सोलोच्या चेहऱ्यावर जी नाराजी उमटते, ती चांगले जेवण अर्धवट टाकावे लागणाऱ्या माणसाची आहे. पण तो उठतो आणि ट्रक थेट पाण्यात घालतो. दोन शत्रूंची मैत्री सुरू झाल्याची खूण इतक्या आडवळणाने दिलेली मी फारशी पाहिलेली नाही. छळ करणाऱ्या माणसाच्या शेवटाचा प्रसंगही याच जातीचा आहे : त्याचे काय करावे याची दोघे हेर शांतपणे चर्चा करत असतात आणि त्यांच्या पाठीमागे, काचेच्या पलीकडे, तो प्रश्न परस्पर सुटत असतो.

शेवटाकडच्या बेटावरील हल्ल्याबाबत मात्र मी तुमच्या मित्राच्या बाजूने आहे. पडद्याचे तुकडे करून तो हल्ला झरझर उरकण्याची कल्पना चांगली आहे. परंतु त्यानंतर येणारा गाड्यांचा लांबलचक पाठलाग इतर कोणत्याही चित्रपटात शोभला असता, इतका सामान्य आहे. जी गोष्ट प्रेक्षकांपासून लपवली ती मागाहून उलगडून दाखवण्याची रिची यांची खोडही इथे जरा जास्त वेळा वापरली गेली आहे.

कपड्यांविषयीचा आक्षेप मला मान्य नाही. जोअ‍ॅना जॉन्स्टन यांची वेशभूषा देखणी आहे हे खरे, पण ती कथेला चिकटवलेली नाही. कोणत्या पोशाखावर कोणता पट्टा शोभेल यावरून हे दोन आडदांड हेर दुकानात हुज्जत घालतात, तेव्हा शीतयुद्धाचीच खिल्ली उडवली जात असते. तिसऱ्या मित्राने इल्याच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून चित्रपट पुन्हा पाहावा, असे सुचवेन. ते त्याच्या वडिलांचे आहे, रोममध्ये ते लुबाडले जाते आणि आपले सोंग उघडे पडू नये म्हणून त्याला ते निमूट देऊन टाकावे लागते. सोलोच्या थंडपणाची तक्रार मात्र रास्त आहे. तो कधी घाबरतच नाही, त्यामुळे आपणही त्याच्यासाठी घाबरत नाही.

प्रश्न : यातील गॅबी ही नायिका केवळ शोभेची बाहुली आहे, असे माझ्या मैत्रिणीचे म्हणणे आहे. आपले मत काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : मैत्रिणीने बहुधा पोस्टर पाहून मत बनवले असावे. अलिसिया विकांडर यांनी साकारलेली गॅबी प्रथम दिसते ती पूर्व बर्लिनमधील गॅरेजात मोटारीखाली, आणि त्यानंतरच्या पाठलागात चाकामागे तीच बसलेली असते. हॉटेलमध्ये इल्या पाठ फिरवून एकटाच बुद्धिबळ खेळत असताना ती पायजम्यात, काळा चष्मा लावून, सॉलोमन बर्क यांच्या गाण्यावर नाचते आणि पुढे त्याच्याशी चक्क कुस्ती खेळते. त्या प्रसंगात तिघांपैकी सर्वांत मोकळे माणूस कोण, हे कोणी बोलून दाखवत नाही. उत्तरार्धात तिच्याविषयी आणखी एक गोष्ट कळते. ती येथे सांगणे इतर वाचकांवर अन्याय करणारे ठरेल. जाता जाता, या चित्रपटात इंग्रज नट अमेरिकन झाला आहे, अमेरिकन नट रशियन झाला आहे आणि स्वीडिश नटी जर्मन झाली आहे. सोंगांच्या कथेला हे शोभतेच.

प्रश्न : इतके चाहते असूनही याचा दुसरा भाग का आला नाही? आणि मूळ मालिका आधी पाहावी काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर हिशेबात आहे. सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्चून बनलेल्या या चित्रपटाने जगभरात अकरा कोटींच्या आसपास गल्ला जमवला, आणि त्यातला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जात असल्यामुळे निर्मात्यांच्या हाती फारसे काही उरले नसणार. शिवाय २०१५ हे वर्ष हेरांच्या गर्दीचे होते : ‘किंग्जमन’ आणि ‘स्पाय’ आधीच येऊन गेले होते, जेम्स बाँडचा ‘स्पेक्टर’ यायचा होता आणि ‘मिशन इम्पॉसिबल’चा पाचवा भाग अमेरिकेत अवघे दोन आठवडे आधी झळकला होता. सोलोची भूमिका मुळात टॉम क्रूझ करणार होते आणि त्याच पाचव्या भागासाठी त्यांनी ती सोडली होती, हा यातला आणखी एक विनोद.

मालिका १९६४ ते १९६८ या काळात अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर चालली. रॉबर्ट व्हॉन आणि डेव्हिड मॅकलम त्यात प्रमुख भूमिकांत होते, आणि नेपोलियन सोलो हे नाव बाँडचे जनक इयान फ्लेमिंग यांनी सुचवलेले होते. ती आधी पाहण्याची गरज नाही. मालिकेतील दोघे सहकारी म्हणूनच भेटतात, तर चित्रपट ते सहकारी कसे झाले याची कथा सांगतो.