पोरांना एकाच चालीनं वाचायला शिकवू नकोस

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बाई,

पोरं आता तुला याच नावानं हाक मारतात, म्हणून मीही तसंच लिहिते.

परवा फोनवर तू सांगितलंस की तुझी दुसरीची मुलं धडा घडाघडा वाचतात, पण भेटीला आलेल्या साहेबांनी भिंतीवरचा पोषण आहाराचा तक्ता दाखवून "गुरुवारी काय असतं?" असं विचारलं, तेव्हा सगळी गप्प बसली. शेवटी एकानं सोमवारपासून सगळा तक्ता मोठ्यानं वाचायला घेतला. त्यावर तू म्हणालीस, "आधी अक्षरं पक्की होऊ देत, मग बाकीचं तिसरी-चौथीत बघू." त्या वाक्यानं मला रात्रभर झोप आली नाही, कारण नोकरीची पहिली नऊ वर्षं मीही हेच म्हणत होते.

पेठ तालुक्यातल्या माझ्या शाळेत तिसरीला एक मुलगी होती. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी, पण पुस्तकातली मराठी अशी वाचायची की ऐकत राहावं. पाहुणे आले की मी तिलाच उभी करायचे. पावसाळ्यात तिच्या धाकट्या भावाला जुलाब लागले. आशाताईंनी जलसंजीवनीचं पाकीट दिलं आणि त्या पुढच्या पाड्याला गेल्या. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून पाकीट हिनं वाचलं आणि सगळं एका फुलपात्रात कालवलं. बाळ ते खारट पाणी थुंकत राहिलं म्हणून बरं झालं. संध्याकाळी आशाताई परतल्या तेव्हा त्यांनी ते ओतून दिलं आणि एक लिटर पाणी मोजून नवं पाकीट कालवलं. द्रावण दाट झालं तर अंगात मीठ वाढतं, आणि ज्या बाळाचं पाणी आधीच कमी झालंय त्याचं आणखी बिघडतं. बाळ वाचलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी रिकामं पाकीट दप्तरात घालून घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहून तिनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. त्यात ‘एक लिटर’ होतं, ‘संपूर्ण पाकीट’ होतं. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाई, काल पण मी असंच वाचलं होतं. एकदाही अडखळले नाही."

तिची काही चूक नव्हती. न अडखळता शेवटपर्यंत जाणं म्हणजे वाचणं, हे मीच तिला तीन वर्षं शिकवलं होतं. ‘एक लिटर’ या शब्दाशी थांबायचं, उठायचं, घरात लिटरचं माप कुठलं आहे ते शोधायचं आणि मगच पुढची ओळ वाचायची, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. धडा तसा वाचतही नाहीत. धडा सलग वाचायचा असतो, पाकीट थांबत थांबत. आणि तुझ्या भिंतीवरचा तक्ता तर वरून वाचायचाच नसतो. आधी कडेचे वार बघायचे, गुरुवार सापडला की त्याच ओळीत आडवं जायचं. तुझ्या त्या पोरानं तक्त्याचा धडा केला, कारण त्याला वाचायची ती एकच चाल माहीत आहे.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नकोस. अमेरिकेत नेल ड्यूक नावाच्या संशोधक बाईंनी 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बॉस्टनच्या आसपासच्या पहिलीच्या 20 वर्गांत बसून त्यांनी पाहिलं, की मुलांच्या वाट्याला माहिती देणारा मजकूर दिवसाला सरासरी फक्त 3.6 मिनिटं येतो. गरीब वस्तीतल्या शाळांत तर तो 1.4 मिनिटंच. त्या वर्गांत पुस्तकांची आपल्यासारखी चणचण नसणार, तरी हे. लहान मुलाला गोष्टच कळते, बाकीचं त्याच्या डोक्यावरून जाईल, असं सगळीकडच्या मोठ्या माणसांनी धरून चालायचं ठरवलेलं दिसतं. पावसाळ्यात बेडकाबद्दल प्रश्न विचारून भंडावून सोडणारी पोरं ज्यानं पाहिली आहेत, त्याला हे कधी पटणार नाही.

आता तू विचारशील, मग करायचं काय. सगळ्यात आधी मी काय केलं ते सांगते. एका शनिवारी फळ्यावर धडा लिहिलाच नाही. दहा रुपयांच्या नोटा वाटल्या, दोघांत एक. नोट मागच्या बाजूनं धरा म्हटलं. तिथं एका पट्टीत 15 भाषांमध्ये तोच आकडा अक्षरी लिहिलेला असतो. "आपली ओळ शोधा." वरून आठवी ओळ मराठी, ‘दहा रुपये’. सापडल्यावर असा गलका झाला की शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना बघायला यावं लागलं. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, अजून पण वाचता येतात, पण ती जरा वेगळी आहेत." बरोबर होतं. कोकणी, नेपाळी आणि संस्कृत या तीन ओळीही देवनागरीतच आहेत. अक्षरं आपली, भाषा दुसऱ्याची. ज्या मुलांची घरची बोली पुस्तकात कुठंच नसते, त्यांना हे किती पटकन उमगलं म्हणून सांगू! पुढच्या बाजूला गव्हर्नरची सही आहे, म्हणजे कुणीतरी काहीतरी वचन दिलंय, हेही त्यांनीच शोधलं. ही नोट आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येही छापतात, 1928 पासून तिथं नोटा निघतात, हे सांगितल्यावर त्या कागदाकडं त्यांनी पुन्हा एकदा निरखून पाहिलं. तेवढ्या चिटोऱ्यावर आमचा दीड तास गेला.

तुझी शाळा दिंडोरीकडची. तुझ्या मुलांच्या घरी कांदा आहे, द्राक्षबाग आहे. मग वर्तमानपत्रातला बाजारभावाचा चौकोन काप आणि तिसरी-चौथीच्या पोरांपुढं ठेव. लासलगाव, पिंपळगाव, पुढं आवक, किमान, कमाल, सरासरी. एका हाताचं बोट गावावरून आडवं न्यायचं, दुसऱ्या हाताचं ‘कमाल’वरून खाली आणायचं, दोन बोटं भेटतील तिथला आकडा वाचायचा. हा भाव क्विंटलचा, म्हणजे 100 किलोचा, हे त्यांना तुझ्याआधी ठाऊक असेल. ‘क्विंटल’मधलं जोडाक्षर मी कुणाकडून घोकून घेतलं नाही. ज्याच्या बापाचा ट्रॅक्टर आदल्या दिवशी मार्केटला गेलेला असतो, तो पोरगा ते अक्षर सोडवतोच.

द्राक्षाच्या औषधाचं लेबल मात्र घरून आणायला सांगू नकोस, डबा तर मुळीच नको. तू स्वतः फळ्यावर काढ. शंकरपाळ्यासारखा चौकोन, त्याचा खालचा अर्धा भाग रंगाचा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मुलांना विचार, हिरवा म्हणजे काय? सगळी म्हणतील, "चालतं!" कारण बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका त्यांनी पाहिलेला असतो. पुड्यावरचा हिरवा म्हणजे शाकाहारी. औषधावरचा हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी, पण विषच. रंग एक, कागद बदलला की अर्थ बदलला. हे एकदा नीट कळलेलं पोर पुढं कुठलाही कागद हातात घेतलं की आधी विचारतं, हा कसला कागद आहे? मला वाटतं, आपण मुलांच्या जिभेवर ठेवायचा पहिला प्रश्न हाच. मग कुणी लिहिलाय आणि मी काय करावं असं त्याला वाटतंय. पहिलीतलं मूलसुद्धा या तिन्हींची उत्तरं देतं. लग्नपत्रिका मामानं पाठवली, आपण यावं म्हणून. जाहिरात दुकानदारानं छापली, आपण घ्यावं म्हणून.

हे शिकवायचं कसं, तर स्वतःच्या डोक्यात चाललेलं मोठ्यानं बोलून. पत्रिका हातात घ्यायची आणि म्हणायचं, "मला कळायला हवं कधी जायचं. वरचं गणपतीचं आणि नावांचं मी आत्ता सोडते. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, ते नवऱ्याचं नाव. मुहूर्त कुठंय? हां, इथं. स्थळ खाली असतं." मुलांना वाटतं मोठी माणसं कागदाकडं बघतात आणि त्यांना आपोआप कळतं. आपण काय सोडतो, कुठं उडी मारतो, कुठं परत मागं येतो, हे त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं. दिवसातून एकदा, पाच मिनिटं. याहून उपयोगाचं मला नोकरीत दुसरं काही सापडलं नाही.

एक सावधगिरी. पहिलीची मुलं बिस्किटाचा पुडा बघून नाव सांगतात. ते वाचन नव्हे, ती रंगाची ओळख आहे. तेच नाव खडूनं फळ्यावर लिही आणि मग बघ. अक्षरं, काना-मात्रा, रोजचा सराव यातलं काहीही कमी करू नकोस. तुझ्या म्हणण्यातलं हे अर्धं मला पूर्ण मान्य आहे. माझं भांडण ‘मग’ या शब्दाशी आहे. ज्याला अजून वीसच अक्षरं येतात, त्यालाही घरच्या कॅलेंडरवर आपला वाढदिवस शोधता येतो, आईनं दुधाच्या खाड्यांची केलेली फुली वाचता येते. मजकूर अवघड असला तर तू वाच, त्याला फक्त एक गोष्ट शोधायला दे.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी येते. ती वर्गात वाच. ‘क्यूसेक’ म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर, म्हणजे जवळजवळ दोन हंडे. आणि त्याच बातमीत गोदाकाठच्या मूर्तीवरून ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी’ असंही असतं. दोन्ही पुराचीच मापं. एक आकड्याचं, एक नाशिककरांच्या डोळ्यांचं. कुठलं कुणाला कळतं, कुणासाठी लिहिलंय, यावर चौथीची मुलं तासभर बोलतील. मी नुसती ऐकत बसायचे.

आणि त्यांच्याकडून लिहून घे. शाळेचा नळ महिनाभर बंद होता तेव्हा आमच्या मुलांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात नळाची गोष्ट होती, तहान लागलेल्या शेळीसकट. ती मी फाडू दिली नाही, भिंतीवर लावली. मग विचारलं, हे वाचणाऱ्या माणसाला किती वेळ असेल? दुसरं पत्र सहा ओळींचं झालं. काही दिवसांनी उत्तर आलं: "आपणांस कळविण्यात येते की..." सगळ्यांनी ते तीनदा वाचलं. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण बाई, कळवतंय कोण?" त्या वाक्यात खरंच कुणीच नव्हतं. ज्या भाषेत करणारा माणूस लपतो, ती भाषा चौथीतल्या पोरीनं ओळखली. अशी मुलं मोठी झाल्यावर कुठल्याही कार्यालयाच्या खिडकीशी खाली मान घालून उभी राहणार नाहीत, असं मला त्या दिवशी वाटलं आणि आजही वाटतं.

हे सगळं वाचून तू गोष्टी बंद करू नकोस हं. सुरुवातीला माझ्या हातून तेच झालं. नव्या उत्साहात दोन महिने वर्गात नुसती पाकिटं आणि तक्ते. एक दिवस एका लहानग्यानं विचारलं, "बाई, ज्याचं काहीच काम नाही असं कधी वाचायचं?" मी त्याच दुपारी कविता काढली. कविता वाचताना काही शोधायचं नसतं, कुठं पोचायची घाई नसते, तीच ओळ पुन्हा म्हटली तर कुणी रागवत नाही. ही चाल मुलांना सगळ्यात आधी हवी आणि सगळ्यात शेवटपर्यंत हवी. गोष्ट रोज वाच, परिपाठानंतर, काही प्रश्न न विचारता.

येत्या 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, भाषणांच्या जोडीला एवढं कर. प्रत्येक मुलानं घरातला मराठी अक्षरं असलेला एक कागद आणायचा, कुठलाही. शिरवाडकरांच्या गावच्या जिल्ह्यात त्यांचा वाढदिवस असाही साजरा व्हावा. पोरं बियाण्याची पिशवी आणतील, वीजबिल आणतील, आजोबांचं जुनं पोस्टकार्ड आणतील. दोरीवर चिमट्यांनी टांग आणि महिनाभर काढू नकोस. पुस्तकं कमी पडतात म्हणालीस, तर सुट्टीत इकडं ये. आपण मिळून सार्वजनिक वाचनालयात जाऊ. 1840 पासून ते या गावात आहे, दोन-चार तास नुसते बसू आणि तुझ्या वर्गासाठी यादी करू.

सोबत एसटीच्या पार्सलनं एक खोकं पाठवते आहे. त्यात लग्नपत्रिका आहेत, तीन वर्षांची कॅलेंडरं, ‘किशोर’चे पंधरा-वीस अंक, आणि अगदी तळाशी वहीच्या पानात ठेवलेलं जलसंजीवनीचं रिकामं पाकीट. बाकी सगळं ठेवून घे. पाकीट मात्र पोरांना दाखवून झालं की परत पाठव.

तुझी,
बाई