पहिला वाढदिवस ऐन दिवाळीत आला तर

प्रश्न : मुलाचा पहिला वाढदिवस यंदा पाडव्याला येतोय. आम्ही ऐरोलीत राहतो. सासर डोंबिवलीला, माहेर नाशिकला, आणि दोन्हीकडच्यांना वाढदिवस आपल्याकडेच हवाय. कसं जमवावं? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : वाढदिवस तुमच्याच घरी करा, दोन्ही आजी-आजोबांना ऐरोलीला बोलवा. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला नाशिक गाठा आणि तिथे दोन रात्री राहा. डोंबिवली जवळ आहे, तिथे पुढच्या रविवारी जाता येईल. सासूबाईंना हे आधीच सांगा, ऐन दिवशी नको.

वेळ बाळाच्या झोपेवरून ठरवा. या वयात दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास झोप लागते आणि बहुतेक मुलं दिवसा दोनदा झोपतात. दुपारी उठून खाणं झालं की साडेचार ते साडेसहा. मामाला यायला उशीर म्हणून केक साडेआठला ठेवलात, तर फोटोत रडका चेहराच येईल.

औक्षणाला बाळ आईच्या मांडीवर, आणि त्याचे दोन्ही हात तिच्या हातात. निरांजनाची ज्योत दिसली की मूल झेप घेतंच. तबकातली सुपारी आणि अंगठी ओवाळून झाल्यावर लगेच उचला, कपाळावरून ओघळलेल्या अक्षताही टिपून घ्या. फुगे उंच बांधा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात चिकटला तर सहज निघत नाही.

नाशिकला गाडीने जाणार असाल तर पहाटे पाचला निघा. माजिवड्यापासून वडपेपर्यंतचा पट्टा सणात उशिरा निघालात तर तुंबलेलाच मिळेल, आणि पहाटे बाळ झोपेतच तो ओलांडेल. बाळाची कार सीट मागच्या बाकावर, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. मांडीवर घेणं चालणार नाही, जोरात ब्रेक लागला तर हातांची पकड टिकत नाही. निघण्याआधी तासभर भरपेट दूध देऊ नका, घाटात उलटी होते. दर दोन तासांनी थांबा.

आजोळी पोचल्यावर पहिली दहा मिनिटं घरात फिरा. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या उशाशी, डासांचं लिक्विड खालच्या प्लगात, रिमोटचं झाकण सैल : तिन्ही उंचावर हलवा. चपटी गोल बटण बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे तशी शंका आली तरी थेट रुग्णालयात जा. मूल नवीन माणसाला पाहून रडलं तर लगेच कुणाच्या कडेवर देऊ नका. आजी जमिनीवर बसून वाटी-चमच्याशी खेळू लागली की ते आपणहून सरकतं. या वयात हे रडणं नेहमीचंच, त्यात आजीवर राग नसतो.

प्रश्न : फराळ आणि केक यातलं बाळाला काय द्यावं? साखर चालेल का? – एक वाचक, कळवा

उत्तर : चिवड्यातले शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, चकलीचे तुकडे : यातलं काहीही नको, श्वासनलिकेत अडकतं. पाहुण्यांच्या वाट्या टीपॉयवर ठेवू नका, बाळाचा हात नेमका तिथवर पोचतो. मध वर्षाच्या आत अजिबात नको. वर्ष पूर्ण झालं की मनाई उठते, पण त्यातही साखरच असते, आणि वरून साखर दोन वर्षांपर्यंत न दिलेली बरी. 'एकच घास लाडू' म्हणणारे दहा पाहुणे आले की दहा घास होतात. अंडं, दाणे यांसारखा नवा पदार्थ त्या दिवशी पहिल्यांदा चाखवू नका. पुरळ उठलं तर कशाने उठलं ते त्या गोंधळात कळत नाही.

गहू, दूध आधी खाल्लेलं असेल तर हा केक करा. १ वाटी बारीक रवा, अर्धी वाटी दही, २ अगदी पिकलेली केळी कुस्करून, ३ मोठे चमचे पातळ तूप, पाव वाटी दूध. मिसळून २० मिनिटं झाका. रवा फुलला नाही तर केक रवाळ लागतो. घट्ट झालं तर थोडं दूध घाला. मग १ छोटा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा घालून लगेच तूप लावलेल्या डब्यात ओता. सोडा घातल्यावर पीठ थांबलं की केक बसतो. कुकरची रिंग आणि शिट्टी काढून तळाशी स्टँड ठेवा, १० मिनिटं कोरडाच तापवा, डबा आत ठेवून मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला. क्रीमऐवजी चक्क्यात चिकू कुस्करून वरून लावा, मात्र पूर्ण गार झाल्यावर, नाहीतर चक्का पाझरतो.