बाळाचा बाप्तिस्मा राहून गेला, मग ते कुठे गेलं?

मी काउन्सेलर आहे. पहिल्याच सेशनला बाळ गेलेल्या एका आईने पर्समधून एक पिशवी काढून टेबलावर ठेवली, साडीच्या दुकानात मिळते ना तसली, आत पांढरा सॅटिनचा झबला, टोपी आणि एक कोरी मेणबत्ती. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला. "हे ईस्टरला घालायचं होतं" एवढं बोलली आणि मग दहा मिनिटं काहीच नाही.

(ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, आणि अशा दोन-तीन घरांचं एकत्र केलंय.)

ती वसईची, कॅथलिक घरातली. नवरा सोलापूरकडचा, त्यांचं चर्च पेन्टेकॉस्टल, म्हणजे बाळांना बाप्तिस्मा न देणारं. मुलगा झाला आणि लगेच दोन्हीकडून फोन सुरू. तिच्या आईचं म्हणणं, महिन्याभरात बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती करून घेण्याचा विधी) करून घ्या, सासरचं म्हणणं, पोराला कळायला लागू दे, मग तो स्वतः विश्वास कबूल करेल आणि पाण्यात उतरेल, आत्ता नुसती समर्पणाची प्रार्थना करू. चार महिने हेच चाललं, शेवटी नवरा कसाबसा ईस्टरला तयार झाला, आणि ईस्टरला अकरा दिवस असताना बाळाला न्यूमोनिया, आयसीयू, आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

तिचा प्रश्न एकच. "माझं बाळ लिंबोत आहे का?" (लिंबो म्हणजे बाप्तिस्म्याशिवाय गेलेली बाळं जिथे जातात असं मानायचे ती जागा, स्वर्गही नाही आणि नरकातला त्रासही नाही.)

इथं मी चुकले ते आधी सांगते. मी ट्रेनिंगमध्ये शिकवतात तसं विचारलं, "हा प्रश्न मनात येतो तेव्हा काय वाटतं?" तर ती म्हणाली, मॅडम, मला काय वाटतं ते मला माहितीय, मला उत्तर पाहिजे. बरोबर होतं तिचं. आपण काउन्सेलर लोक प्रत्येक धार्मिक प्रश्नाच्या खाली भावना शोधत बसतो, पण जिला नरक-स्वर्ग खरे वाटतात तिच्यासाठी तो पत्ता विचारण्यासारखा साधा प्रश्न असतो, माझं पोर कुठाय. त्या दिवसापासून मी आधी प्रश्नाचं उत्तर देते, भावनेचं नंतर.

मी स्वतः नगरची, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), त्यामुळे कॅथलिक शिकवणीवर माझ्या तोंडून ऐकून तिचं समाधान होणार नव्हतं, म्हणून पुढच्या वेळी तिच्या परवानगीने ओळखीच्या एका फादरना बोलावलं. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. लिंबो हा कधीच चर्चचा पक्का सिद्धांत नव्हता. संत ऑगस्टिनचं मत कडक होतं, आदिपाप (आदामापासून प्रत्येकाला जन्मतः आलेलं पाप) घेऊन मेलेल्या बाळालाही शिक्षा, फक्त सगळ्यात सौम्य, आणि मग मध्ययुगात विद्वानांनी त्यातून वाट काढली की बाळाला त्रास नाही, ते सुखात आहे, पण देवाचं दर्शन नाही. ही वाट इतकी रुळली की धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना ती पाठ असायची. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात लिंबोचं नावच नाही, तिथं म्हटलंय की अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं. आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या परवानगीने, मोठा दस्तावेज काढला की या बाळांचं तारण होईल अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत.

तिने लगेच पकडलं. "आशा म्हणजे नक्की नाही ना फादर?"

मला वाटलं आता ते गुळमुळीत बोलणार. नाही बोलले. म्हणाले, बाई, नक्की असं लिहिलेलं नाही, मी खोटं सांगणार नाही. पण त्या धर्मशिक्षणग्रंथात हेही आहे की देवाने तारण बाप्तिस्म्याला बांधलं, तरी तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. नियम आपल्यासाठी आहे, त्याचे हात बांधायला नाही.

मग तिने ते सांगितलं जे नवऱ्यालाही माहीत नव्हतं. आयसीयूत शेवटच्या रात्री नर्स पलीकडे गेल्यावर तिने पिण्याच्या बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन बाळाच्या कपाळाला लावलं होतं. पण पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे शब्द काही केल्या आठवेनात, नुसतं "येशू, याला सांभाळ" एवढंच म्हणाली, आणि गेले सात महिने ती स्वतःला विचारतेय की ते चाललं की नाही. फादर म्हणाले, विधी म्हणून तो पूर्ण झाला असं मला म्हणता येणार नाही, पण तू जे मागितलंस ते ज्याच्याकडे मागितलंस त्याला समजलं नसेल असं वाटतं का तुला? ती पहिल्यांदा मोकळी रडली.

(हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून मध्येच सांगते. बाळ अत्यवस्थ असेल तर कॅथलिक नियमाप्रमाणे बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं, नर्स, शेजारीण, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, चर्चला अभिप्रेत आहे तेच करायचा हेतू हवा. साधं पाणी डोक्यावर ओतत नाव घेऊन "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते" एवढं पुरतं.)

आता नवरा. हे मला जास्त अवघड गेलं. तो शांत होता, आणि त्या शांतपणाचाच तिला राग होता. त्यांच्या चर्चमध्ये असं मानतात की न कळत्या बाळाला जबाबदार धरत नाहीत, ते सरळ प्रभूजवळ जातं, त्यामुळे त्याच्या लेखी प्रश्नच नव्हता. त्याने तिला बायबलमधल्या दावीद राजाची गोष्ट सांगितली होती, बाळ आजारी असताना उपास करून जमिनीवर पडून राहिला आणि गेल्यावर उठून म्हणाला मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही. तिच्या कानाला ते "चल, उठ आता" असं ऐकू आलं. मी त्याला विचारलं, तुम्ही ती गोष्ट नीट वाचलीय का, ते बाळ सातव्या दिवशी गेलं आणि यहुद्यांत सुंतेचा विधी व्हायचा आठव्या दिवशी, म्हणजे तो जन्मापासूनचा सातवा दिवस धरला तर त्याचाही विधी राहूनच गेला होता. तो गप्प झाला. मग पाकीट काढलं, एटीएम कार्डाच्या मागे बाळाच्या मनगटाची हॉस्पिटलची प्लास्टिकची पट्टी होती, कापलेली, नीट घडी घातलेली. तिने ती कधी पाहिलीच नव्हती. "हिला दाखवली असती तर ही अजून रडली असती ताई" म्हणाला.

"मीच हट्ट केला नाही" हे तिचं आणि "मीच अडवलं" हे त्याचं, दोघंही एकच ओझं वेगवेगळ्या खोल्यांत वाहत होते. मी त्यांना एवढंच सांगितलं की तुम्ही ज्यावर चार महिने भांडलात त्यावर ख्रिस्ती लोक शेकडो वर्षं भांडताहेत, आमचंच सीएनआय १९७० मध्ये नागपुरात सहा चर्च मिळून झालं, त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकनही होते आणि कळत्या वयातच देणारे बॅप्टिस्टही, आणि त्यांनी शेवटी दोन्ही पद्धती ठेवल्या. तुमचं ते भांडण पोरावरच्या प्रेमातलं होतं, त्याने न्यूमोनिया होत नाही.

राहिली तिची आई. आईच्या लहानपणी बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला चर्चचं दफन मिळत नसे, कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मकायद्यात तसंच होतं, आणि ते चित्र तिच्या डोक्यातून जात नव्हतं. १९८३ च्या कायद्याने हे बदललं, आईबापाची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती तर बिशपांच्या परवानगीने चर्चचा अंत्यविधी होऊ शकतो. हे फादरनी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज नाही, मग आजी एवढंच म्हणाली, माझ्या आईचं एक होतं असं, कुंपणाच्या बाहेर.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तिघं वसईच्या दफनभूमीत गेले. जावई प्रार्थनेला मागे उभा राहिला, मेणबत्ती मात्र त्यानेच लावली, पिशवीतलीच. झबल्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. परवा तिचा मेसेज आला, कपाटातच आहे, डांबराच्या गोळ्या बदलल्या.